सातारा संस्थान (१८१८–१८४९)

सातारा संस्थान हे ईस्ट इंडिया कंपनीने तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस छत्रपती प्रतापसिंह यांच्यासाठी निर्माण केलेले व १८४९ मध्ये खालसा केलेले मराठी संस्थान होय. त्याचे अस्तित्व अवघे तीस-एकतीस वर्षांचे असले, तरी हिंदुस्थानातील संस्थानांच्या इतिहासात त्याला मोठे महत्त्व आहे. ज्या तहाने हे राज्य निर्माण झाले, त्याच तहाचा कंपनीने वेळोवेळी वेगळा अर्थ लावला. एका अर्थाने राजा पदच्युत झाला आणि दुसऱ्या अर्थाने राज्यच बुडाले. लॉर्ड डलहौसीच्या दत्तक नामंजुरीच्या धोरणाचा हा पहिला मोठा बळी होता. झाशी व नागपूर ही राज्ये पुढे याच वाटेने गेली.

या लेखातील सातारा संस्थान आणि करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थान ही भोसले घराण्याच्या दोन वेगळ्या शाखांची राज्ये आहेत. कोल्हापूर संस्थान स्वातंत्र्यानंतरच्या विलीनीकरणापर्यंत टिकून राहिले.

पार्श्वभूमी

छत्रपती शाहू यांचे १७४९ मध्ये निधन झाल्यानंतर मराठी राज्याची प्रत्यक्ष सत्ता पुण्याला पेशव्यांच्या हाती एकवटली. साताऱ्याची गादी सर्वांना पूज्य राहिली. नव्या पेशव्याला अधिकाराची वस्त्रे साताऱ्याहूनच मिळत. कारभारात मात्र छत्रपतींना फारसा शब्द उरला नव्हता. दुसरे शाहू यांच्यानंतर १८०८ मध्ये त्यांचे पुत्र प्रतापसिंह गादीवर आले. त्या वेळी त्यांचे वय पंधरा वर्षांचे होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात छत्रपतींच्या कुटुंबाची अवस्था नजरकैदेसारखीच होती.

नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रज व पेशवे यांच्यात युद्धाला तोंड फुटले. माघार घेताना बाजीरावाने छत्रपतींना आणि त्यांच्या मातोश्री व बंधूंना आपल्या छावणीत ठेवले होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचा किल्ला घेतला. त्याच महिन्यात सोलापूर भागातील आष्टी येथे लढाई होऊन सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. साताऱ्याहून माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढून बाजीरावाचे राज्य संपल्याचे घोषित केले. छत्रपतींना बंधमुक्त करून त्यांच्यासाठी एक राज्य राखून ठेवले जाईल, असेही त्या जाहीरनाम्यात म्हटले होते.

यामागे एल्फिन्स्टनचा राजकीय हिशेब होता. पेशवाई गेली, तरी छत्रपतींच्या गादीविषयी लोकांच्या मनात असलेला आदर कायम होता. तो आदर कंपनीविरुद्ध जाऊ नये आणि पेशव्याच्या नावाने कोणी पुन्हा फौज जमवू नये, यासाठी साताऱ्याचे लहानसे राज्य उपयोगी पडणार होते. जुन्या राज्यातील सरदार, मानकरी व कारकून यांनाही त्यामुळे काही आधार मिळणार होता.

१८१९ चा तह

संस्थानाचा कायदेशीर पाया २५ सप्टेंबर १८१९ रोजी झालेल्या तहाने घातला. उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस कृष्णा व वारणा, पश्चिमेस सह्याद्रीची रांग आणि पूर्वेस पंढरपूर-विजापूरकडील मुलूख अशा स्थूल सीमांमधील प्रदेश राजाला मिळाला. संस्थानाचे पुढचे सर्व भवितव्य ज्या कलमांभोवती फिरले, त्यांचा आशय असा :

१. कंपनीने हा मुलूख प्रतापसिंह यांना दिला. ते, त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांनी तो कंपनीचे दुय्यम सहकारी या नात्याने धारण करावयाचा होता.

२. राज्यकारभारात राजाने कंपनीच्या साताऱ्यातील प्रतिनिधीचा सल्ला मानावयाचा होता.

३. परराज्यांशी किंवा राज्याबाहेरील सत्ताधाऱ्यांशी राजाने कंपनीच्या प्रतिनिधीखेरीज कोणताही व्यवहार वा पत्रव्यवहार करावयाचा नव्हता. या अटीचा भंग केल्यास तहाने मिळालेले लाभ गमावण्याची तरतूद होती.

४. छत्रपतींच्या जहागीरदारांना त्यांच्या जहागिरींची शाश्वती कंपनीने दिली होती.

यांपैकी तिसऱ्या कलमाच्या आधारे १८३९ मध्ये राजाला गादीवरून काढण्यात आले. पहिल्या कलमातील ‘वारस व उत्तराधिकारी’ या शब्दांत दत्तकपुत्र येतो की नाही, या वादात १८४८-४९ मध्ये राज्य गेले. चौथ्या कलमामुळे जहागीरदार टिकून राहिले आणि त्यांचा धनी नाहीसा झाला.

प्रतापसिंह यांचा कारभार

सुरुवातीची काही वर्षे कंपनीचा प्रतिनिधी कॅप्टन जेम्स ग्रँट याने कारभार पाहिला. हाच पुढे ग्रँट डफ या नावाने प्रसिद्ध झाला. साताऱ्यातील वास्तव्यात त्याने दप्तरे, बखरी व सनदा जमवल्या आणि त्यांवर आधारलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध केला. एप्रिल १८२२ मध्ये राज्याचा कारभार प्रतापसिंह यांच्या स्वाधीन करण्यात आला.

प्रतापसिंह हे कष्टाळू व हिशेबी राज्यकर्ते होते. रोजच्या घडामोडींची नोंद ठेवण्याची त्यांची पद्धत होती. त्यांच्या रोजनिशा त्या काळाच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन आहेत. त्यांनी साताऱ्यात राजवाडा बांधला, शहराच्या पाण्याची सोय केली, पाठशाळा काढली, छापखाना सुरू केला आणि महाबळेश्वरपर्यंत रस्ता करविला.

महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले ते याच काळात. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मॅल्कम याच्याशी १८२९ मध्ये झालेल्या करारानुसार प्रतापसिंह यांनी तेथील जागा कंपनीला दिली आणि मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव घेतले. तेथील वस्तीला मॅल्कम पेठ हे नाव मिळाले. तहातील दोन पक्षांत समजुतीने देवघेव होऊ शकत होती, याचे हे एक उदाहरण आहे.

जहागीरदारांचा वाद

राजा आणि मुंबई सरकार यांच्यातील पहिला गंभीर बेबनाव जहागीरदारांवरून झाला. औंधचे पंत प्रतिनिधी, भोरचे पंत सचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख हे साताऱ्याचे प्रमुख जहागीरदार होते. ते छत्रपतींचे सरदार असल्यामुळे त्यांच्यावरचा अंतिम अधिकार आपला आहे, असे प्रतापसिंह यांचे म्हणणे होते. जहागिरींची हमी आपण दिलेली असल्यामुळे त्यांच्याबाबतचा शेवटचा शब्द आपला, अशी मुंबई सरकारची भूमिका होती. वारसावाचून रिकाम्या झालेल्या जहागिरीचे काय करायचे, हा या वादातील कळीचा मुद्दा होता.

राजाने लंडनमधील कंपनीच्या संचालक मंडळाकडे दाद मागितली. मंडळाचा कल या प्रश्नावर राजाच्या बाजूने होता. १८३५ च्या अखेरीस संचालकांनी राजाच्या उत्तम कारभाराची प्रशंसा करणारे पत्र आणि भेट म्हणून एक तलवार पाठवली. मुंबई सरकारने ते पत्र व ती तलवार राजाला दिलीच नाही. लंडनमध्ये राजाविषयी मत चांगले होते, पण रोजचा व्यवहार मुंबईशी होता आणि लंडनचा शब्दही मुंबईच्याच हातून साताऱ्याला पोहोचणार होता. दाद मागण्याचा मार्ग ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच दारातून जात होता. संस्थानिकांच्या परिस्थितीतील ही अडचण साताऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट दिसते.

आरोप व पदच्युती

१८३६ मध्ये प्रतापसिंह यांच्यावर कंपनीच्या फौजेतील २३ व्या देशी पलटणीच्या अंमलदारांना फितवण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप ठेवण्यात आला. चौकशीसाठी नेमलेल्या गुप्त आयोगात मुंबई सरकारचा चिटणीस विलोबी, कर्नल ओव्हान्स आणि साताऱ्याचा रेसिडेंट जनरल लॉडविक हे होते. महाबळेश्वरचा लॉडविक पॉइंट ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो हाच लॉडविक. पुढे त्याच्या जागी ओव्हान्स रेसिडेंट झाला. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी आणि नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधल्याचे आरोपही नंतर जोडले गेले. हे दोन्ही आरोप खरे मानले, तर परराज्यांशी व्यवहार न करण्याच्या कलमाचा भंग होत होता. म्हणूनच ते महत्त्वाचे ठरले.

चौकशी गुप्तपणे झाली. आपल्याविरुद्धचा पुरावा दाखवावा आणि उघड चौकशी करावी, ही राजाची मागणी मान्य झाली नाही. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक साताऱ्याला आला. पूर्वी तहाचा भंग झाल्याचे मान्य करून काही अटी स्वीकारल्यास मागचे सर्व विसरले जाईल, असा प्रस्ताव त्याने ठेवला. प्रतापसिंह यांनी तो नाकारला. सही केली असती तर गादी राहिली असती. पण न केलेला अपराध कबूल करून गादी टिकवणे त्यांना मान्य नव्हते.

सप्टेंबर १८३९ च्या पहिल्या आठवड्यात प्रतापसिंह यांना अटक करून साताऱ्याबाहेर नेण्यात आले आणि पुढे काशीला पाठवण्यात आले. या प्रवासात त्यांचे आप्त व एकनिष्ठ सहकारी बाळासाहेब सेनापती यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मुलाला प्रतापसिंह यांनी पुढे दत्तक घेतले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशी येथेच प्रतापसिंह यांचे निधन झाले.

रंगो बापूजी यांचा लंडनमधील लढा

प्रतापसिंह यांची बाजू मांडण्यासाठी त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. त्या काळी ‘वकील’ म्हणजे एका दरबाराचा दुसऱ्या दरबारातील प्रतिनिधी. रंगो बापूजी हे रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातील होते. शिवकालातील दादाजी नरसप्रभू हे त्यांचे पूर्वज. सुमारे चौदा वर्षे त्यांनी लंडनमध्ये काढली. ते तेथे इंग्रजी शिकले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत भाषणे, संचालकांना निवेदने, पार्लमेंटकडे अर्ज आणि छापील पत्रके हे त्यांच्या लढ्याचे मार्ग होते. जोसेफ ह्यूम व जॉर्ज टॉम्प्सन यांच्यासारख्या इंग्रज सार्वजनिक पुरुषांनी त्यांच्या बाजूने आवाज उठवला.

उघड चौकशी करा, एवढीच त्यांची मुख्य मागणी होती. तीही मान्य झाली नाही. दरम्यान त्यांचे धनी निवर्तले, मागाहून राज्यही गेले आणि पैशाची चणचण वाढत गेली. अखेर १८५३ च्या सुमारास ते रिकाम्या हाताने परतले. परक्या सत्तेच्या राजधानीत, तिच्याच भाषेत व तिच्याच सनदशीर मार्गांनी दीर्घकाळ लढणारे ते आरंभीच्या हिंदी प्रतिनिधींपैकी एक होत. प्रबोधनकार ठाकरे यांनी या प्रकरणावर ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ हा ग्रंथ लिहिला आहे.

शहाजी ऊर्फ आप्पासाहेब (१८३९–१८४८)

प्रतापसिंह यांच्या जागी त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना कंपनीने नोव्हेंबर १८३९ मध्ये गादीवर बसवले. त्यांनी कंपनीशी पूर्ण सहकार्य केले. १८४४ मध्ये कोल्हापूर भागात गडकऱ्यांचे बंड झाले, तेव्हाही ते इंग्रजांच्या बाजूने राहिले. सतीची चाल बंद करणे, रुग्णालय व शाळा काढणे, वेण्णा व उरमोडी या नद्यांवर पूल बांधणे ही त्यांच्या कारकिर्दीतील कामे होत. १८३९ मध्ये राज्य खालसा करण्याचे निमित्त हाती असूनही कंपनीने नवा राजा बसवून जुना तह पुढे चालू ठेवला. ही गोष्ट पुढील वादात महत्त्वाची ठरली.

शहाजी यांना पुत्र नव्हता. दत्तकाच्या परवानगीसाठी त्यांनी केलेल्या विनंत्या फळाला आल्या नाहीत. ५ एप्रिल १८४८ रोजी, मृत्यूच्या काही तास आधी, त्यांनी भोसले कुळातील व्यंकोजी या मुलाला धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक घेतले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. अशा प्रकारे गादीवर हक्क सांगू शकतील असे दोन दत्तकपुत्र झाले. एक काशीत प्रतापसिंह यांनी घेतलेला आणि दुसरा साताऱ्यात शहाजी यांनी घेतलेला.

दत्तकाचा वाद

हिंदू धर्मशास्त्रात विधिपूर्वक घेतलेला दत्तकपुत्र औरस पुत्राप्रमाणेच वारस होतो. पित्याचे और्ध्वदेहिक करणे आणि त्याच्या संपत्तीचा वारसा घेणे, हे दोन्ही अधिकार त्याला मिळतात. व्यंकोजी यांचे दत्तकविधान झाले हे कंपनीनेही नाकारले नाही. प्रश्न असा होता की, राजाने सार्वभौम सत्तेच्या परवानगीवाचून घेतलेल्या दत्तकाला राज्याचा वारसाही मिळतो का?

मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याचे मत होय असे होते. तहात ‘वारस व उत्तराधिकारी’ असे शब्द असून ते एका हिंदू राजाशी केलेल्या तहातले आहेत. त्यामुळे त्यांचा अर्थ हिंदू शास्त्राप्रमाणेच लावला पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर हाही राज्य चालू ठेवण्याच्या बाजूचा होता.

मे १८४८ मध्ये क्लार्कच्या जागी लॉर्ड फॉकलंड गव्हर्नर झाला आणि मुंबई सरकारचे मत पालटले. राज्य खालसा करण्याची बाजू गव्हर्नरच्या मंडळातील सभासद विलोबी याने विस्ताराने मांडली. बारा वर्षांपूर्वीच्या गुप्त आयोगातील विलोबी तो हाच. जानेवारी १८४८ मध्येच गव्हर्नर जनरल झालेल्या डलहौसीने ३० ऑगस्ट १८४८ च्या टिपणात आपला निर्णय नोंदवला. दत्तकामुळे खासगी मालमत्तेचा वारसा मिळेल, पण राज्याचा वारसा सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून मिळणार नाही, असे त्याने म्हटले. सातारा हे कंपनीनेच निर्माण केलेले राज्य असल्यामुळे औरस वारसाच्या अभावी ते निर्मात्याकडे परत येते, हा त्याचा युक्तिवाद होता. लष्करी सोयीचाही त्याने उल्लेख केला. मुंबई इलाख्यातील प्रमुख लष्करी ठाण्यांच्या मध्ये हा मुलूख येत असल्यामुळे तो आपल्या हाती असणे त्याला हितावह वाटत होते.

जानेवारी १८४९ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने या निर्णयाला मंजुरी दिली आणि सातारा संस्थान खालसा झाले. ‘खालसा’ म्हणजे मधला धनी नाहीसा होऊन मुलूख थेट सरकारच्या अमलाखाली जाणे. साताऱ्याचा पहिला कमिशनर म्हणून कारभार पाहण्याचे काम फ्रिअरकडेच आले.

औरस वारस नसल्याच्या कारणावरून राज्ये घेण्याची कल्पना डलहौसीने प्रथम काढली नव्हती. कित्तूर १८२४ मध्ये आणि आंग्र्यांचे कुलाबा १८४० च्या सुमारास अशाच कारणाने गेले होते. साताऱ्याच्या निर्णयाने या अधूनमधूनच्या प्रथेला ठाम धोरणाचे रूप आले.

परिणाम

साताऱ्यानंतर संबळपूर, झाशी, नागपूर ही राज्ये वारसाच्या प्रश्नावरून कंपनीच्या ताब्यात गेली. राजपुतान्यातील करौलीला मात्र हा नियम लागू करण्यास लंडनच्या संचालकांनी नकार दिला. ते राज्य कंपनीने निर्माण केलेले नसून जुने मित्रराज्य आहे, असे कारण देण्यात आले. ‘निर्माण केलेले’ आणि ‘जुने’ हा भेद करण्याचा अधिकारही कंपनीकडेच होता.

१८५७ च्या उठावाच्या वेळी साताऱ्यातही कट उघडकीस आला. रंगो बापूजी यांचे नाव त्यात प्रमुख होते. ते इंग्रजांच्या हाती लागले नाहीत आणि त्यांचा पुढे ठावठिकाणाही कळला नाही. त्यांचे पुत्र सीताराम यांच्यासह १७ जणांना सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्यातील गेंडामाळावर मृत्युदंड देण्यात आला. अर्ज आणि निवेदने यांवर चौदा वर्षे विश्वास ठेवलेल्या माणसाचे नाव अखेर सशस्त्र कटाशी जोडले गेले, यावरून सनदशीर मार्ग निष्फळ ठरल्याची तीव्रता ध्यानी येते.

१ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियाने संस्थानिकांशी झालेले तह पाळण्याचे आणि राज्यविस्तार न करण्याचे अभिवचन दिले. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या मान्यतेच्या सनदा दिल्या. सर जॉर्ज क्लार्कने १८४८ मध्ये मांडलेला विचार अशा रीतीने सरकारी धोरण झाला. मात्र सातारा परत देण्यात आले नाही. दत्तक घराण्याचे खासगी स्थान व लोकांतील मान तेवढा राहिला.

साताऱ्याचे जहागीरदार मात्र टिकले. छत्रपतींची सत्ता गेल्यावर औंध, भोर, फलटण, जत व अक्कलकोट यांचा संबंध थेट इंग्रज सरकारशी आला आणि त्यांची संस्थाने म्हणून गणना होऊ लागली. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ती अस्तित्वात होती. त्यांपैकी औंधच्या राजांनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली.

मूल्यमापन

सातारा संस्थानाच्या इतिहासात दोन राजांची वर्तणूक परस्परविरोधी दिसते. प्रतापसिंह यांनी तहातील हक्कांसाठी मान ताठ ठेवली आणि गादी गमावली. शहाजी यांनी प्रत्येक बाबतीत कंपनीचे म्हणणे मानले, तरीही त्यांच्यामागे राज्य राहिले नाही. विरोध व सहकार्य या दोन्ही मार्गांचा शेवट एकच झाला. तहातील शब्दांचा अर्थ ठरवणारे तटस्थ न्यायपीठ कोठेही नव्हते. तहाचा एक पक्षच त्याचा न्यायाधीश होता. स्वातंत्र्याच्या वेळी देशात असलेली साडेपाचशेहून अधिक संस्थाने कमीअधिक प्रमाणात याच चौकटीत जगत होती.

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात पुढे शाळा भरू लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शाळेत प्रवेश झाला. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते.